आरतीत डीजे कोणी घातला?

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरून फिरून येतो. कधी वर ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं, कधी नुसतंच ‘जरूर वाचा’. सांगणं साधारण असं: ड्रम मशीन, म्हणजे बटणं दाबून ठेका जुळवायचं यंत्र, ही वादकाची नक्कल, तिच्यात जीव नसतो आणि तिनं वादकांच्या पोटावर पाय आणला. म्हणून तिच्या नादी न लागता पैसे चांगल्या स्टुडिओ मॉनिटरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग तपासून ऐकायच्या स्पीकरमध्ये, घाला, तेही आठ इंचीच, कारण मॉनिटर खरं ऐकवतात. भिंतींना अंड्याचे ट्रे लावा. मिक्स करताना, म्हणजे वाद्यं आणि गळे एकत्र जुळवताना, आवाज मोठा ठेवा. आणि हेडफोनवर मिक्स करणारा जन्मभर हौशीच राहतो.

यातल्या बऱ्याच सल्ल्यांवर मी स्वतःचे पैसे घातलेत, अंड्याच्या ट्रेसकट. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

नक्कल हा आरोप आधी घेऊ. १९८० साली दोन यंत्रं आली. एक अमेरिकेतल्या रॉजर लिन यांचं एलएम-१. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये भरले होते आणि किंमत पाच हजार डॉलरला जेमतेम कमी. दुसरं जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८. त्यात खरा ड्रम औषधालाही नव्हता, सगळे आवाज सर्किटमधून घडवलेले, आणि किंमत बाराशे डॉलरच्या आत. नक्कल हाच निकष लावला तर ८०८ सपशेल नापास. तिची टाळी टाळीसारखी नाही आणि काउबेल तर कोणत्याच गाईच्या गळ्यात शोभणार नाही. १९८३ला तिचं उत्पादन थांबलं, तोवर सुमारे बारा हजार नग निघाले होते. पुढे ती जुन्या मालात स्वस्त मिळू लागली, ज्यांना ड्रमर परवडत नव्हता त्यांच्या हाती लागली आणि हिप-हॉपचा पाया बनली. आज एखादा पोरगा ‘यात ८०८ टाक’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे यंत्र नसतंच. त्याला खालच्या सुरातला, लांबत जाणारा तो किक (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) हवा असतो. म्हणजे नक्कल जमली नाही तेच यंत्र स्वतःच एक वाद्य होऊन बसलं. आणि ज्यात खरे आवाज भरले होते, त्या एलएम-१चे आवाज आज कोणी ‘खरे’ म्हणून वापरत नाही. वापरलेच तर ते ऐंशीच्या दशकाचा वास येतो म्हणून.

हे सगळं तिकडचं, आपल्याकडे काय, असं विचारणाऱ्यांसाठी मुंबईचंच उदाहरण आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन रोलँड यंत्रं एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि त्याची रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१०मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली आणि जाणकारांनी कान टवकारले, कारण पुढे शिकागोत ज्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताला अ‍ॅसिड हाउस म्हणू लागले, त्याच्याशी ती विलक्षण जुळत होती. २०१५मध्ये मुंबईतच ते गेले. उभं आयुष्य वाद्य वाजवण्यात घालवलेल्या माणसानं हे यंत्र वादकाला पर्याय म्हणून घेतलं असेल, असं मला वाटत नाही. त्याला एक नवं वाद्य सापडलं होतं.

आणि ऑक्टोपॅडचं काय? तेही रोलँडचंच, १९८५ साली आलेलं. आज महाराष्ट्रातला एकही ऑर्केस्ट्रा, एकही लग्नाची वरात त्याच्याशिवाय हलत नाही. त्यात ढोलकी, हलगी, संबळ सगळे भरलेले आवाजच असतात. फॉरवर्ड पाठवणारी हीच मंडळी ‘पॅडवाल्यानं काय वाजवलंय!’ म्हणून शिट्ट्या मारतात. काठीनं वाजवलं की खरं आणि बटणांची जुळणी करून वाजवलं की खोटं, हा फरक कुठून आला? रियाजाला तालमाला (ठेका देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) लावून बसणाऱ्या गायकाला तर आजवर कोणी खोटं म्हटलेलं ऐकलं नाही.

पोटावर पाय हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. १९८२मध्ये ब्रिटनच्या वादक संघटनेच्या लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनविरुद्ध ठराव केला होता. तेव्हा लोक हसले. पण ती भीती पोकळ नव्हती. आपल्याकडेही चित्रपटाच्या गाण्याला पन्नास-साठ वादक एकत्र बसत, ते दिवस गेले, आणि त्यात प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे यंत्रावर ठेके-सूर रचण्याचा, वाटा आहेच. फक्त एक गोष्ट वेगळी काढायला हवी. डोंबिवलीत मागच्या खोलीत बसून भावाच्या कविता चालीत बांधणारा माणूस कोणाचीच सुपारी मोडत नाही. त्याच्याकडे ड्रमसेट ठेवायला जागा नाही, आठ माइक नाहीत आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. त्याच्यापुढे ड्रम मशीन नाहीतर काहीच नाही, एवढीच निवड आहे.

आता ‘जीव नसतो’. मशीन लयीला पक्की, म्हणून निर्जीव, असं म्हणतात. यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. पक्की लय हा दोष असता तर आपण तबलजीला ‘लय काय पक्की आहे’ अशी दाद दिली नसती. कंटाळा येतो तो प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा आणि सारख्याच अंतरावर पडल्याचा. हे लिन यांनाही पहिल्या यंत्रापासूनच ठाऊक होतं. एलएम-१मध्येच त्यांनी शफलची, म्हणजे स्विंगची, सोय दिली होती, आणि पुढे १९८८ला अकाई कंपनीसाठी केलेल्या एमपीसी-६० या यंत्रातही ती आली. कल्पना साधी आहे. जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा पाडायचा. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर सोळांशाच्या (पाव मात्रेच्या) ठोक्यांच्या एका जोडीला ३०० मिलिसेकंद मिळतात. सरळ वाजवलं तर दीडशे-दीडशे. स्विंग ५४ टक्के केला की पहिल्याला १६२ आणि दुसऱ्याला १३८. दुसरा ठोका फक्त १२ मिलिसेकंद उशिरा, तरी मान डोलायला लागते. ६६ टक्क्यांना तीच जोडी जवळजवळ तिश्र जातीत जाते आणि गाण्याची चालच बदलते. मधल्या त्या पट्टीत कुठे थांबायचं हे यंत्र ठरवत नाही.

जोराचंही तेच. ‘धा गे ना ति ना के धि ना’ हा केहरवा आठही मात्रा एका जोरानं भरून ऐका, घड्याळाची टिकटिक वाटेल. आता ‘गे’ आणि ‘के’ निम्म्यावर आणा, पहिला ‘धा’ तसाच ठेवा, मधला ‘ति’ किंचित दाबा. अर्ध्या तासाचं काम आहे. बहुतेक जण ते करत नाहीत, यंत्राबरोबर आलेला तयार ठेका लावतात आणि मग जीव नाही म्हणतात. स्वयंपाकात मीठ घालायचं विसरून पातेल्याला दोष देण्यासारखं आहे हे.

मर्यादा आहेतच. डग्ग्यावर मनगट दाबत नेलेला घिस्सा यंत्रात नीट येत नाही. एकेका ठोक्याचा नमुना भरलेला असतो, त्या दोन ठोक्यांमधला प्रवास नसतो. भजनी ठेक्याचा झोलही टक्क्यांत सापडत नाही, कारण तो गाणाऱ्यांच्या श्वासाबरोबर पुढेमागे होत राहतो. अभंग करायचा असेल तर मी मुकाट्यानं पखवाजवाल्या मित्राला फोन करतो. पण हा वाद त्या त्या ठेक्याचा आहे, सगळ्या यंत्राचा नाही.

यंत्र वापरणाऱ्यांची खरी चूक वेगळीच असते आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही. तबला सुरात लावल्याशिवाय आपल्याकडे मैफल सुरू होत नाही. हातोडी घेऊन गट्ठे ठोकणं चालू असतं, श्रोते निमूट बसतात. तोच माणूस घरी ८०८चा किक मात्र जसा आला तसा लावतो. त्या किकला स्पष्ट सूर असतो, पन्नास हर्ट्झच्या आसपासचा. गाणं काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आणि किक भलत्याच सुरात, मग सगळं चिखलासारखं वाटतं आणि दोष मॉनिटरवर जातो. किक सुरात लावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक बटण असतं.

सुरात लावूनही फजिती होते, ती कशी ते सांगतो. मॉनिटरचा मुद्दा त्यातच येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी मी एक आरती नव्यानं बसवली. फॉरवर्डमधला सल्ला तेव्हा मला पटलेला होता. दुकानदारानं ‘घेताय तर आठ इंचीच घ्या, पाच इंची खेळणी आहेत’ असं सांगून मोठी जोडी गळ्यात मारली. माझी खोली १० फूट बाय १२ फूट. मागे पलंग असल्यानं खुर्ची आली बरोबर मधोमध. गाणं बसवलं, किक काळी तीनमध्ये लावला, आणि तो ऐकूच येईना. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) वर नेला. तरी नाही. आणखी नेला. शेवटी कुठे तो जाणवायला लागला तेव्हा समाधान वाटलं. मंडपात पहिल्या दिवशी ते गाणं लावलं आणि पंधरा इंची बेसच्या पेट्यांनी शब्दच गिळून टाकले. बाप्पाच्या पुढ्यातले मोदक थरथरत होते. पोरं खूश. सेक्रेटरी काका माझ्याकडे वळून म्हणाले, “आरतीत डीजे कोणी घातला?”

दोष मॉनिटरचा नव्हता. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते ती तिथे उभी राहते, आणि १२ फुटांत ती बसते ४७ हर्ट्झला. उभ्या लहरीचा स्वभाव असा की भिंतीपाशी ती सगळ्यात जोरात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. काळी तीनचा खालचा सूर ४६ हर्ट्झचा. मी किकला खोलीच्या नेमक्या त्या खड्ड्यात लावलं होतं आणि स्वतः त्या खड्ड्यात खुर्ची टाकून बसलो होतो. आणखी दोन लाखांचे मॉनिटर आणले असते तरी तिथे काही ऐकू आलं नसतं. रुंदीचं गणित वेगळं, १० फुटांना ५६ हर्ट्झ. १० बाय १० ची चौकोनी खोली असेल तर दोन्ही खड्डे एकमेकांवर पडतात, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोल्या नेमक्या तशाच असतात.

म्हणून ‘मॉनिटर खरं ऐकवतात’ हे वाक्य अर्धवट आहे. मॉनिटर सपाट आहे, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोरानं देतो, असं कंपनी सांगते, ते प्रतिध्वनी नसलेल्या कक्षात मोजून. घरी आणल्यावर साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली कानाला येतं ते मॉनिटर आणि खोली यांचं मिळून, आणि त्यात खोलीचाच आवाज मोठा. यामाहाच्या एचएस५ची खालची मर्यादा कंपनी ५४ हर्ट्झ देते आणि एचएस८ची ३८. आठ इंचीत तुम्ही विकत घेता ती मुख्यतः हीच खालची पट्टी. छोट्या खोलीत गोंधळही नेमका याच पट्टीत होतो. पैसे देऊन गोंधळ वाढवायचा, असा तो सौदा.

सपाट म्हणजे खरं या समजुतीला सगळ्यात मोठा सुरुंग मॉनिटरच्या इतिहासानंच लावलाय. यामाहाचा एनएस-१०, पांढऱ्या कोनचा (स्पीकरच्या पडद्याचा). १९७८मध्ये तो आला तो घरच्या हायफायसाठी. तिथे चालला नाही. वरचा आवाज इतका टोचरा की इंजिनिअर ट्वीटरवर (वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरवर) टिश्यू पेपर चिकटवत. सपाट तर तो कधीच नव्हता. तरी बॉब क्लिअरमाउंटनसारख्या मिक्सिंग इंजिनिअरांनी तो उचलला आणि २००१ला उत्पादन थांबेपर्यंत जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलाच्या डोक्यावर तो आडवा पडलेला दिसायचा. त्याची पेटी बंद असल्यानं खालचा आवाज रेंगाळत नाही हे एक कारण. दुसरं जास्त साधं. सगळ्यांना तो पाठ होता. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत गेलं तरी तोच, त्यामुळे कशाला किती महत्त्व द्यायचं हे कानाला कळायचं. तुमच्या घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमवर तुम्ही वीस वर्षं गाणी ऐकली असतील तर तिच्याबद्दल तुम्हाला जितकं ठाऊक आहे, तितकं नव्या कोऱ्या मॉनिटरबद्दल सहा महिने तरी ठाऊक नसतं.

मॉनिटर घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. मी शेवटी पाच इंची घेतले आणि खूश आहे. पण त्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी करून घ्या. फोनवर टोन काढणारं अ‍ॅप मिळतं. त्यातून खोलीच्या लांबीचा सूर (१२ फुटांना ४७ हर्ट्झ) घरातल्या म्युझिक सिस्टिमवर लावा (फोनच्या स्पीकरला तो झेपत नाही) आणि खोलीत चालत फिरा. एका पावलावर घुमतो, दुसऱ्यावर गायब. पहिल्यांदा अनुभवताना भुताटकी वाटते. मग खुर्ची हलवा. मॉनिटर आखूड भिंतीपाशी ठेवून त्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असा जुना ठोकताळा आहे. १२ फुटांत ते साडेचार फूट. माझा पलंग त्यासाठी दाराकडे सरकला. घरात त्यावर झालेली चर्चा इथे देत नाही.

अंड्याचे ट्रे. हा सल्ला मरत का नाही कळत नाही. ४७ हर्ट्झच्या एका लहरीची पूर्ण लांबी २४ फूट. तिच्यासमोर दीड-दोन इंचाचा पातळ पुठ्ठा म्हणजे लोकलपुढे उदबत्ती आडवी धरणं. वरच्या टोकाचा थोडा आवाज तो खातो, त्यानं खोली आणखी घोगरी वाटते. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज तर तो अजिबात थांबवत नाही, त्याला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. शिवाय पुठ्ठा पेट घेतो आणि झुरळं येतात. मी चाळीस ट्रे लावले होते, चाळीसही काढले. त्यापेक्षा माळ्यावरची जुनी कापसाची गादी उभी करून कोपऱ्यात लावा, जाड असेल तेवढं बरं. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट दार उघडून ठेवा. खर्च करायचाच असेल तर चार इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) कापडात गुंडाळून कोपऱ्यांत ठेवा, जमलं तर भिंतीपासून थोडं सोडून.

आवाज मोठा ठेवा म्हणतात ते तर उलटंच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवून दिलं की आवाज जितका हळू तितका आपल्या कानाला खालचा भाग कमी ऐकू येतो. मोठ्यानं मिक्स केलं की बेस भरपूर वाटतो, मग आपण तो कमी करतो, आणि लोक ते गाणं हळू ऐकतात तेव्हा पोकळ लागतं. शिवाय मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, स्वतःचं बेसूर गाणंसुद्धा. कामाच्या ठिकाणचं आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ला फक्त एक तास. समोर बसलेल्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता यावं इतपत ठेवलं की पुरतं.

राहिले हेडफोन. ज्या घरात रात्री साडेदहानंतरच निवांत वेळ मिळतो तिथे हा मुद्दा मुळात चर्चेचा नाहीच. हेडफोनला खोली नसते, म्हणून ४७ हर्ट्झचा तो खड्डाही नसतो. खालचा किक मी आता आधी हेडफोनवरच पक्का करतो. त्यांची अडचण दुसरीकडे आहे. डाव्या कानाचं उजव्याला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे डावी-उजवीकडची मांडणी अतिरुंद वाटते आणि रिव्हर्ब (घुमारा) किती घातला याचा अंदाज चुकतो. म्हणून ते ठरवायला मॉनिटर, आणि शेवटी फोन. फोनचा स्पीकर ४७ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तिथे किक हवा असेल तर त्याला थोडी सॅच्युरेशनची फोडणी द्यावी लागते, म्हणजे ९४, १४१ असे वरचे सूर तयार होतात आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो.

गेल्या गणपतीत तीच आरती पुन्हा केली. ठेका मशीनचाच, ५६ टक्के स्विंग. खुर्ची साडेचार फुटांवर, किक हेडफोनवर ठरवलेला, आणि या वेळी आदल्या रात्री मंडपातल्या पेट्यांवर एकदा लावून बघितला. शब्द स्वच्छ आले, मोदक जागचे हलले नाहीत. झांज मात्र कानात घुसत होती. हेडफोनवर ती मला कमी वाटली होती, म्हणून मीच वाढवली होती.